मागे उभं राहून बघ!

ऑफिसात ट्रॅक कारसाठी ट्रक आणि ट्रेलरची चर्चा, गावाकडे शर्यतीच्या बैलांसाठी पिकअपची. दोन्ही एकाच एक्सेल शीटमध्ये भरताना लागलेला एक साधा शोध...

‘तुला गाड्यांमधलं कळतं ना गं?’

२०२३ ची दिवाळी तोंडावर आलेली. शुक्रवार, त्यात रिलीजचा दिवस आणि दादाचा फोन. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. राहुरीजवळ मुळा धरणाच्या अंगाला आमचं गाव. ऊस, कांदा, दोन-चार गाई आणि शर्यतीचे बैल, असा आमच्या घरचा एकूण पसारा. मी पुण्यात खराडीला आयटीत. आता खरं सांगायचं तर मला गाड्यांमधलं काहीही कळत नाही. मला एक्सेल कळतं. पण गावाकडे आयटीत असणं म्हणजे सगळंच कळणं! मोबाइल, मिक्सर, मुलीचं स्थळ, सगळं.

‘पिकअप घ्यायचीय,’ दादा म्हणाला. ‘बैलांसाठी. आबा म्हणतायत, ताईला विचार.’

गंमत बघा, त्याच आठवड्यात आमच्या टीममधल्या शूमीचंही हेच चाललं होतं. शूमी हे अर्थातच त्याचं खरं नाव नाही. शनिवार-रविवार ग्रीसमध्ये हात घालून बसतो म्हणून ऑफिसने बहाल केलेली पदवी. त्याच्याकडे एक जुनी मारुती एस्टीम आहे. मागची सीट काढलेली, आत लोखंडी पिंजरा वेल्ड केलेला, सायलेन्सर नावापुरता. ही गाडी त्याला चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर न्यायची होती. १९९० मध्ये सुरू झालेला, जेमतेम पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक. पण पुण्यापासून तिथपर्यंत सुमारे १२०० किलोमीटर!

‘मग चालवत घेऊन जा ना,’ मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे असं बघितलं, की जणू मी नवरीला चालत मांडवात यायला सांगितलंय. ट्रॅकवरची गाडी हायवेला चालवायची नसते म्हणे. तिचे टायर मऊ, ते रस्त्यावरच झिजणार. पोलीस अडवणार. आणि ट्रॅकवर इंजिन बसलं तर परत कशी आणणार?

मला एकदम आबा आठवले. पूर्वी बैल जत्रेला चालत जायचे, हे आबांकडून हजारदा ऐकलंय. आदल्या दिवशी निघायचं, वाटेत मुक्काम करायचा. पण चाळीस किलोमीटर चालून आलेला बैल घाटात काय पळणार? म्हणून मग टेम्पो आले, पिकअप आल्या. शूमीची लॅप दोन-अडीच मिनिटांची, आमची शर्यत तर दहा-बारा सेकंदांत संपते. पण तिथपर्यंत पोचवण्याचं टेन्शन दोघांचं सारखंच.

मी एक शीट उघडली. एका कॉलममध्ये एस्टीम, दुसऱ्यात बैल.

आता तुम्ही विचाराल, यात एवढं सीरियस होण्यासारखं काय? सांगते.

७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. तेव्हा मी कॉलेजात होते. आबांची जोडी दावणीलाच राहिली. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तर त्याच वर्षी हायकोर्टाने शर्यतींना स्थगिती दिली. त्या वर्षांत आबांनी एक बैल विकला. दुसरा विकवेना. तो २०१९ मध्ये दावणीलाच गेला. मग १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने सशर्त परवानगी दिली आणि आठवड्याभरात दादा खिल्लारची नवी जोडी बघायला निघालासुद्धा. सोन्या आणि राजा.

एप्रिल २०२२ मध्ये भाड्याच्या पिकअपमधून ही जोडी पारनेरकडे निघाली. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. गाडी दणकट, इंजिन झकास, ड्रायव्हर हुशार. फक्त मागचा तळ गुळगुळीत पत्र्याचा. त्यावर टाकलेलं पाचट तासाभरात एका कोपऱ्यात जमा झालं. एका वळणावर ब्रेक लागला आणि सोन्याचे पुढचे दोन्ही पाय सटकले. गुडघा पत्र्याच्या कडेवर आपटला. दादा सांगतो, तो ओरडलाही नाही. नुसता बसून राहिला. तो सीझन तर गेलाच, पण आबा पंधरा दिवस कोणाशी धड बोलले नाहीत.

तेव्हाच ठरलं की स्वतःची गाडी घ्यायची. पण आबांनी अट घातली : कोर्टाचा शेवटचा निकाल लागल्याशिवाय नाही. तो लागला १८ मे २०२३ ला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. दादा मोकळा झाला आणि अडकले मी! कारण बँकेला सहकर्जदार हवा होता. शिवाय डाउन पेमेंटला कमी पडणारी रक्कम माझ्या एफडीतून द्यायची, असं घरात न बोलताच ठरून गेलं होतं. ती एफडी माझ्या वाघोलीतल्या वन बीएचकेची. म्हणजे त्या वन बीएचकेच्या स्वप्नाची.

आणि आणखी एक गोष्ट. ऑफिसात मी बैलांचा विषय काढला की निम्मे लोक ‘सो कूल’ म्हणतात आणि निम्मे ‘हाऊ क्रूएल’. मी दोन्ही बाजूंना बसलेली आहे. बैलाला मारलेली काठी मला बघवत नाही. आणि सोन्याच्या गुडघ्याला तीन महिने दिवसातून दोनदा शेक देणारा दादाही मी बघितलाय. नव्या नियमांत अंतर १००० मीटरच्या आत, काठी-चाबूक-शॉक यांना बंदी, डॉक्टरांचा दाखला सक्तीचा. हे सगळं शर्यतीच्या मैदानापुरतं झालं. मैदानापर्यंतच्या दोन-तीन तासांचं काय? पैसे माझे जाणार असतील, तर त्या दोन-तीन तासांवर तरी माझा हक्क होता.

तर, शीट.

पहिली रांग वजनाची. शूमीची एस्टीम पावणेनऊशे किलोच्या आसपास. बैलांचं वजन कोणालाच माहीत नव्हतं. शेवटी दादाने दोघांना वजनकाट्यावर नेलं, जिथे उसाच्या गाड्या उभ्या राहतात तिथे! सोन्या ४३०, राजा ४५०. बेरीज ८८०. म्हणजे आमची जोडी बरोब्बर एका एस्टीमएवढी भरली. शूमी जाम खूश झाला.

दुसरी रांग ट्रेलरची. शूमी रात्र-रात्र अमेरिकेतले व्हिडिओ बघायचा. तिथे मोठ्ठा पिकअप ट्रक, त्याच्यामागे चोवीस फुटी बंद ट्रेलर, आत गाडी, टायर, अवजारं, वर फोल्डिंगची खुर्ची. स्वप्नच! पण आकडे मांडले आणि स्वप्नातली हवा गेली. तो बंद ट्रेलर रिकामाच दीड-पावणेदोन टनांचा असतो, म्हणजे आतल्या एस्टीमच्या जवळपास दुप्पट. शिवाय त्या चौकोनी डब्याला वारा अडतो, तो वेगळाच. त्यामुळे ओढणारी गाडी निवडायची, ती कारच्या वजनावरून नाही. ट्रेलर, सामान, सगळं धरून. दुसरा फंडा समतोलाचा. ट्रेलरच्या एकूण वजनातला साधारण १० ते १५ टक्के भार पुढच्या हुकवर यायला हवा. तो कमी झाला की ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलायला लागतो आणि एकदा डोलायला लागला की ओढणाऱ्या गाडीलाच घेऊन जातो.

आपल्याकडे कारला ट्रेलर जोडून हायवेला निघालेलं कोणी सहसा दिसत नाही. ट्रेलर बघायचे तर उसाच्या सीझनला राहुरीत या. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर ऊस, त्याच्या वर मोठ्याने गाणी. दादाच्या डोक्यात आधी हेच होतं. घरचा ट्रॅक्टर आहेच, ट्रॉलीला वर छप्पर मारू, झालं काम. स्वस्तात मस्त! पण शूमीने हुकचं गणित सांगितलं आणि दादाच गप्प झाला. कार चार कोपऱ्यांना पट्ट्यांनी आवळता येते, ती हलत नाही. बैल उभा असतो. तो वजन बदलतो, मागे सरकतो, शेजाऱ्याला ढुशी देतो. हलणारं वजन, तेही उंचावर, आणि ते ट्रॉलीत... आबांनी एका वाक्यात निकाल दिला, ‘ट्रॉलीत ऊस भरत्यात. ऊस पडत न्हाई, बैल पडतो.’

ट्रॉली बाद.

तिसरी रांग जागेची. इथे मी नियम वाचायला बसले आणि वाचतच राहिले. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०१५ मध्ये दुरुस्ती झाली. १ जानेवारी २०१६ पासून जनावरं नेणाऱ्या गाडीत प्रत्येक जनावराला कायमस्वरूपी वेगळा कप्पा हवा. गाय-म्हशींसाठी तो कमीत कमी २ चौरस मीटरचा. १९७८ च्या जुन्या नियमांतही गुरांना प्रत्येकी २ चौरस मीटरच सांगितलेत. आमचे दोघे, म्हणजे ४ चौरस मीटर हवेतच.

मग टेप घेऊन गाड्या मोजल्या. छोटा हत्ती : मागची जागा सव्वातीन चौरस मीटर, क्षमता पाऊण टनाच्या आसपास. आमची जोडी वजनातही बसेना, जागेतही बसेना. (गावात दोन बैल घालून छोटा हत्ती पळताना मी स्वतः बघितलाय. असो.) टाटा ४०७ : ऐसपैस, पण तळ उंच आणि हप्ताही उंच. नऊ फुटी बोलेरो पिकअप : नऊ गुणिले साडेपाच, म्हणजे ४.६ चौरस मीटर. मधे आडोसा घालून दोघं आरामात. पिकअपच्या रांगेला मी हिरवा रंग दिला.

पण एक गोम होतीच. शूमी म्हणाला, पावणेदोन टनांच्या पिकअपचे पाटे पावणेदोन टनांसाठी बनवलेले असतात. तुम्ही घालणार त्याच्या निम्मंच. निम्म्या भाराला पाटे नीट दबत नाहीत, गाडी उडते. म्हणजे जास्त ताकदीची गाडी मागच्यासाठी जास्त त्रासाची! हे काही आम्हाला शोरूमात कोणी सांगितलं नव्हतं. तिथे सगळे इंजिन आणि अ‍ॅव्हरेजबद्दलच बोलत होते.

आणि चौथी रांग, जिथे सगळं अडलं. दादाचं गणित सोपं होतं : सहा दिवस कांदा, सातव्या दिवशी बैल. कांद्यावर हप्ता निघेल. पण नियम सांगतो, जनावरांसाठी असलेल्या गाडीत दुसरा माल न्यायचा नाही. तिला आरटीओची खास परवानगी लागते, ती कप्पे बघूनच मिळते. म्हणजे गाडी एक तर कांद्याची, नाही तर बैलांची. आणि बैलांच्या शर्यती वर्षाला वीसेक धरल्या तरी हप्ता निघायचा कुठून? माझ्या एफडीतून?

त्या रात्री फोनवर आमची चांगलीच जुंपली. ‘कोण बघतंय गं? समदे असंच नेत्यात,’ दादा म्हणाला. मी म्हटलं, ‘सही माझी आहे.’ तो म्हणाला, ‘तुला पुण्यात बसून काय जातंय?’ मी फोन ठेवला. दोन दिवस कोणी कोणाला फोन केला नाही.

तिसऱ्या दिवशी तोडगा काढला तो काकूने. शर्यतीशी जिचा आयुष्यात संबंध नाही, जिला बैलांपेक्षा गाईंची काळजी जास्त, तिने. ‘लोणीहून, घोडेगावहून लोकं गाया-म्हशी आणत्यात, त्या कशात आणत्यात?’ अरे! आमच्या पंचक्रोशीत घरटी दुभतं जनावर. बाजारातून गाय आणायची, आजारी गाय दवाखान्यात न्यायची, तर प्रत्येक जण भाड्याची गाडी शोधतो. तीच गुळगुळीत पत्र्याची. आपली गाडी जनावरांचीच ठेवायची आणि कायद्याने ठेवायची. महिन्याला सात-आठ फेऱ्या गाई-म्हशींच्या मिळाल्या तरी हप्त्याचा मोठा वाटा निघतो. मी रांगा बदलल्या, आकडे टाकले. शीटने पहिल्यांदाच हो म्हटलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेले. शूमीही आला, ‘लोडिंग बघायला’. जुनी, पण चांगल्या स्थितीतली एक नऊ फुटी पिकअप आम्ही पसंत करायला आणली होती. दादाने स्टिअरिंगवर बसून राउंड मारला. सॉलिड! शूमीने खाली वाकून पाटे बघितले, टायर बघितले. ठीक! सगळ्यांनी आबांकडे बघितलं. आबा केबिनकडे गेलेच नाहीत. मागचं फळकं पाडून मला म्हणाले, ‘पोरी, चढ वर. मागं उभं राहून बघ. धरायचं न्हाई.’

शेतरस्त्यावर, अगदी सावकाश, दादाने गाडी चालवली आणि मी आणि शूमी मागे काहीही न धरता उभे. शंभर फूट गेलो नसू, तोवर मी दोनदा शूमीवर आदळले आणि शूमी एकदा पत्र्यावर. पुढे काय येतंय ते दिसत नाही. ब्रेक कधी लागणार ते कळत नाही. पायाखाली पत्रा सरकतो. डोक्यात फक्त एकच विचार : आता पडणार, आता पडणार. मला वळणावरचा सोन्या आठवला. तो ओरडला का नाही, ते तेव्हा कळलं. ओरडायला सुद्धा आधी पाय टेकलेले लागतात.

खाली उतरल्यावर शूमी बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘माझ्या गाडीसाठी मी कधी असा विचारच केला नाही. मी फक्त ओढणारी गाडी बघत होतो.’

पिकअप आम्ही तीच घेतली. पण त्यानंतरचे निर्णय केबिनमधून नाही, मागे उभं राहून घेतले. राहुरीतल्या वेल्डरकाकांकडे गाडी आठवडाभर होती. तळाला लाकडी फळ्या, त्यावर गोठ्यात घालतात ती जाड रबरी मॅट. बाजूंना आतून गादी. मधे छातीएवढ्या उंचीचा आडोसा. जोडीदार दिसला पाहिजे, नाही तर बैल बिथरतो. तोंड इंजिनकडे, नियमातही तसंच सुचवलंय आणि आबांच्या मतेही तसंच. दावं इतकंच लांब की पाय सावरता येतील, पण वळून उलटं होता येणार नाही. तळ जमिनीपासून अडीच फूट वर, म्हणून चढायला आठ फुटी फळी. तोवर आम्ही गाडी बांधाला लावून बैल चढवत होतो. प्रत्येक ठिकाणी बांध कुठून आणणार?

राहिला प्रश्न उघडी की बंद. शूमीला बंदच हवी होती, धूळ नको आणि कोणाची नजर नको. पण नगरकडचा एप्रिल काय असतो ते त्याला माहीत नाही. चारही बाजूंनी बंद डबा म्हणजे भट्टी. पूर्ण उघडी ठेवली तर डोळ्यांत वारा आणि शेजारून हॉर्न मारत जाणारे ट्रक. म्हणून बाजू डोक्यापर्यंत बंद, वर ताडपत्रीचं हूड आणि पुढून-मागून वारा खेळता. केबिनमध्ये एक फाइल : आरटीओचा कागद, डॉक्टरांचा दाखला, शर्यतीची परवानगी, कानातल्या बिल्ल्यांचे १२ आकडी नंबर. रात्री हायवेवर जनावराची गाडी अडवली गेली, तर बोलण्यापेक्षा कागद बरे.

तिकडे शूमीने ट्रकही घेतला नाही आणि ट्रेलरही नाही. वर्षाला तीनदा लागणाऱ्या गोष्टीसाठी बाकीचे दिवस पार्किंग कुठे शोधणार? त्याने आणखी एका ट्रॅकवेड्याला गाठलं आणि दोन गाड्या बसतील असा फ्लॅटबेड अर्ध्या-अर्ध्या भाड्यात ठरवला. फक्त आता तो केबिनमध्ये झोपत नाही. प्रत्येक थांब्याला उतरून मागच्या पट्ट्या स्वतः तपासतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आमची पहिली फेरी झाली. पुन्हा पारनेरकडेच. मी केबिनमध्ये मधल्या सीटवर, दर पाच मिनिटांनी मागच्या काचेतून बघत. त्या वळणावर दादाने गाडी इतकी हळू घेतली, की मागचा मोटरसायकलवाला काहीतरी बोलून गेला. दादाने ऐकून घेतलं. दादाने ऐकून घेतलं, हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघितलं!

नंबर चौथा आला. बक्षीस काही नाही. वाघोलीचा वन बीएचके अजून दोन वर्षं तरी लांब गेला आहे, आणि तो गेला याचं वाईट वाटत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. सहकर्जदार म्हणून दर महिन्याच्या ५ तारखेला मेसेज येतो तेव्हा अजूनही पोटात गोळा येतो.

रात्री घरी पोचलो तेव्हा आबा ओट्यावर जागेच होते. मी म्हटलं, ‘आबा, चौथे आलो.’

त्यांनी ते ऐकलंच नसावं. ‘उतरल्यावर बसले का उभे राह्यले?’ त्यांनी विचारलं.

‘उभे राहिले,’ मी म्हटलं. ‘आणि उतरल्या उतरल्या कडब्याला तोंड लावलं.’

‘मग झालं,’ आबा म्हणाले आणि झोपायला गेले.